मुदत घातल्याने खुर्ची भरत नाही

माहिती आयोगात, लोकपालांकडे, मानवी हक्क आयोगात पदे महिनोन्‌महिने रिकामी का राहतात, असे विचारले की बहुतेक जाणकार एकच उत्तर देतात: खोट कायद्यातच आहे. नेमणूक कधीपर्यंत करायची हे कायदा सांगत नाही. निवड समितीत विरोधी पक्षनेता लागतो आणि तो नसला की गाडे अडते. शिवाय जाहिरात, अर्ज, छाननी, शोध समिती, निवड समिती, मग राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची सही, ही साखळीच लांबलचक. तेव्हा कायद्यात मुदत घाला, समितीची रचना बदला, जमल्यास नेमणुकीचा शेवटचा शब्द न्यायमूर्तींकडे द्या. अग्रलेखांतून, परिसंवादांतून, कार्यकर्त्यांच्या निवेदनांतून हे इतक्यांदा सांगून झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज आता कोणाला वाटत नाही.

हा पूर्वपक्ष मांडणारी माणसे प्रामाणिक आहेत, त्यांपैकी कित्येकांनी या पदांसाठी स्वतः न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. पण दोष कायद्याच्या मजकुराचा ठरला की ज्याने नेमणूक करायची तो अलगद सुटतो, आणि चर्चा पुढच्या दुरुस्ती विधेयकाकडे वळते. म्हणून या पक्षाचे एकेक कलम कायद्याशी ताडून पाहिले पाहिजे.

आधी मुदतीचे घेऊ. लोकपाल व लोकायुक्त अधिनियम, २०१३ मध्ये ही मुदत स्पष्ट शब्दांत आहे. कलम ५ म्हणते की अध्यक्षाचा किंवा सदस्याचा कार्यकाळ संपण्याच्या किमान तीन महिने आधी नव्या नेमणुकीसाठी आवश्यक ती सर्व पावले राष्ट्रपतींनी उचलावीत किंवा उचलायला लावावीत. पहिले लोकपाल न्या. पिनाकी चंद्र घोष २७ मे २०२२ रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी पायउतार झाले. ते कधी सत्तर वर्षांचे होणार, हे त्यांची नेमणूक झाली त्या दिवशीच, म्हणजे मार्च २०१९ मध्ये, कागदावर होते. कलम ५ प्रमाणे फेब्रुवारी २०२२ अखेर प्रक्रिया सुरू व्हायला हवी होती. पुढचे पूर्णवेळ अध्यक्ष न्या. अजय खानविलकर यांनी शपथ घेतली १० मार्च २०२४ रोजी. मधला एकवीस महिन्यांहून अधिक काळ कलम ५ पुस्तकात होते आणि कारभार हंगामी अध्यक्षांकडे होता.

असे होऊ शकते याचे कारण कायद्याच्या विद्यार्थ्याला नवे नाही. सार्वजनिक कर्तव्यासाठी मुदत सांगितली, पण ती टळल्यास काय होईल हे सांगितले नाही, तर न्यायालये अशी तरतूद सामान्यतः मार्गदर्शक धरतात, बंधनकारक नव्हे. मुंबई राज्याविरुद्धच्या स्थानबद्धतेच्या एका खटल्यात १९५२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व सर्वमान्य म्हणून नोंदवले आहे. परिणाम न जोडलेली मुदत ही कायद्याच्या भाषेत लिहिलेली विनंती असते, आणि कलम ५ ला मिळालेला प्रतिसाद विनंतीला मिळतो तसाच होता.

आता याच्या उलट टोकाचे पद पाहा. भारताचा नियंत्रक व महालेखापरीक्षक नेमण्याविषयी संविधानाचा अनुच्छेद १४८ जवळजवळ काहीच सांगत नाही. निवड समिती नाही, विरोधी पक्षनेता नाही, पात्रता नाही, आणि मुदत तर नाहीच. प्रचलित मताप्रमाणे ही खुर्ची सर्वांत जास्त काळ रिकामी राहायला हवी. प्रत्यक्षात शशिकांत शर्मांनंतर राजीव महर्षी २५ सप्टेंबर २०१७ रोजी आले. महर्षींना पासष्ट वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, ८ ऑगस्ट २०२० रोजी, गिरीशचंद्र मुर्मू यांनी सूत्रे घेतली. मुर्मूंची मुदत संपताच २१ नोव्हेंबर २०२४ रोजी के. संजय मूर्ती रुजू झाले. मध्ये खंड नाही. ज्या पदाबाबत कायदा गप्प आहे ते एक दिवसही रिकामे राहत नाही, आणि ज्या पदाबाबत कायदा तीन महिने आधीची सूचना देतो ते पावणेदोन वर्षे रिकामे राहते. कायद्यात मुदत नसणे हेच कारण असते तर हा हिशेब नेमका उलटा यायला हवा होता.

कोणी म्हणेल, महालेखापरीक्षक सरकार एकटेच निवडते, म्हणून काम झटपट होते. लोकपालासाठी पंतप्रधान, सभापती, सरन्यायाधीश, विरोधी पक्षनेता, विधिज्ञ एवढ्यांना एकत्र बसवावे लागते, त्याला वेळ लागणारच. आक्षेप वाजवी आहे, आणि त्याला उत्तर निवडणूक आयोगात मिळते. १५ मे २०२२ पासून एका निवडणूक आयुक्ताचे पद रिकामे होते. तेव्हा निवड समिती नव्हती, सरकारनेच नाव सुचवायचे होते. तरी पद सहा महिने तसेच राहिले. मग १८ नोव्हेंबर २०२२ रोजी सनदी अधिकारी अरुण गोयल यांची स्वेच्छानिवृत्ती मंजूर होऊन त्याच दिवशी नेमणूकही झाली, तीही निवडणूक आयुक्तांच्या नेमणुकीचाच प्रश्न घटनापीठापुढे चालू असताना. विजेच्या वेगाने हे कसे झाले, असे न्यायमूर्तींनी विचारले, पण त्या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे: एका दिवसाच्या कामाला आधीचे सहा महिने का लागले?

पुढे डिसेंबर २०२३ मध्ये नवा कायदा झाला. त्यात पंतप्रधान, एक केंद्रीय मंत्री आणि विरोधी पक्षनेता अशी निवड समिती आहे, तिच्याआधी शोध समितीही आहे. म्हणजे साखळी लांबली. ९ मार्च २०२४ रोजी गोयल यांनी अचानक राजीनामा दिला. दुसरे आयुक्त अनुपचंद्र पांडे फेब्रुवारीतच निवृत्त झाले होते, तेव्हा तीन जणांच्या आयोगात एकटे मुख्य आयुक्त उरले. लोकसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या. १४ मार्चला दोन्ही नवे आयुक्त नेमले गेले आणि १६ मार्चला निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला. समितीवर असलेले अधीर रंजन चौधरी यांची तक्रार अशी होती की आदल्या रात्री त्यांच्या हाती दोनशे बारा नावे पडली आणि निवडक सहा नावे बैठकीच्या जेमतेम दहा मिनिटे आधी. ती तक्रार रास्तच आहे. पण इथे मला तिच्यातला काळ महत्त्वाचा वाटतो. अनपेक्षित राजीनाम्यापासून नेमणुकीपर्यंत पाच दिवस. ज्या साखळीला लांबलचक म्हणतात ती एवढ्या वेळात संपते.

विरोधी पक्षनेत्याच्या सबबीला फार जागा देण्याचे कारण नाही, पण ती महाराष्ट्राच्या दारात येऊन उभी राहिली असल्याने टाळताही येत नाही. विरोधी पक्षनेतेपदासाठी सभागृहाच्या एक दशांश जागा हव्यात, हा संकेत पहिले लोकसभा सभापती ग. वा. मावळंकर यांच्या काळापासून चालत आलेला. (दादासाहेब मावळंकरांनी तो सभागृहात पक्षाला मान्यता देण्याच्या संदर्भात घातला होता, दक्षता संस्थांची कुलपे त्याच किल्लीने लावली जातील असे त्यांच्या मनातही आले नसणार.) २०१४ आणि २०१९ मध्ये लोकसभेत विरोधातील एकाही पक्षाला ५५ जागा मिळाल्या नाहीत. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या २८८ जणांच्या विधानसभेत विरोधातील एकाही पक्षाचे २९ आमदार आले नाहीत. पण माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ करणाऱ्यांनी ही वेळ आधीच ओळखली होती. केंद्रीय आयोगासाठी कलम १२ मध्ये आणि राज्य आयोगासाठी कलम १५ मध्ये स्पष्टीकरण जोडले आहे की विरोधी पक्षनेता म्हणून कोणाला मान्यता नसेल, तर विरोधातील सर्वांत मोठ्या गटाचा नेताच विरोधी पक्षनेता मानला जाईल. महाराष्ट्रात विधानसभेत विरोधी पक्षनेता नसतानाही २०२५ मध्ये माहिती आयुक्तांच्या नेमणुका झाल्या.

लोकपाल कायद्यात असे स्पष्टीकरण नव्हते, हे खरे. पण निवड समितीतील एखादी जागा रिकामी असल्याच्या एवढ्याच कारणाने नेमणूक अवैध ठरणार नाही, असे कलम ४ मध्ये होते. तरीही दुरुस्ती विधेयक संसदेत आहे म्हणून थांबलो आहोत, असे सरकार सर्वोच्च न्यायालयात सांगत राहिले. कायदा आहे त्या स्थितीत अंमलात आणण्याजोगा आहे, असा निर्वाळा न्यायालयाने २७ एप्रिल २०१७ रोजी दिला. त्यानंतरही पहिला लोकपाल यायला जवळपास दोन वर्षे लागली.

झारखंडची गोष्ट याहून उघड आहे. तिथला माहिती आयोग मे २०२० पासून पूर्ण बंद पडला. मुख्य आयुक्त नाही, आयुक्तही नाही. विरोधी पक्षनेत्याच्या मान्यतेचा वाद पक्षांतराच्या तक्रारीत अडकला आहे, ही सबब. ऑक्टोबर २०२३ मध्ये विरोधी पक्षनेता मिळाला. आयोग मात्र रिकामाच राहिला. वर्षभराने निवडणूक झाली, पुन्हा विरोधी पक्षनेता नाही, पुन्हा तीच सबब. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाने आपला एक आमदार समितीसाठी सुचवावा. कलम १५ मधले स्पष्टीकरण या सगळ्या काळात जागेवरच होते.

आणि समितीत विरोधी पक्षनेता असला तरी त्याच्या हाती नकाराधिकार नसतो. २०१० मध्ये केंद्रीय दक्षता आयुक्त म्हणून पी. जे. थॉमस यांच्या नावाला सुषमा स्वराज यांनी लेखी विरोध केला, तरी बहुमताने नेमणूक झालीच. सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०११ रोजी ती रद्द केली, पण एकमत नव्हते म्हणून नव्हे. थॉमस यांच्याविषयीची महत्त्वाची कागदपत्रे समितीपुढे आलीच नव्हती म्हणून.

राहिला न्यायालयाकडे किंवा न्यायमूर्तींकडे शेवटचा शब्द देण्याचा उपाय. तो ऐकायला सर्वांत आकर्षक आहे, म्हणून गुजरातचा अनुभव सविस्तर पाहण्यासारखा आहे. तिथे लोकायुक्ताचे पद २००३ च्या अखेरीस रिकामे झाले आणि जवळपास आठ वर्षे रिकामे राहिले. गुजरातच्या १९८६ च्या कायद्यात उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी विचारविनिमयाची तरतूद होती. २५ ऑगस्ट २०११ रोजी राज्यपाल कमला बेनीवाल यांनी मंत्रिमंडळाला बाजूला ठेवून न्या. आर. ए. मेहता यांची नेमणूक केली. राज्य सरकार उच्च न्यायालयात गेले. तिथे दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले, तिसऱ्याने नेमणूक उचलून धरली. २ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही ती वैध ठरवली आणि मुख्य न्यायमूर्तींच्या मताला प्राधान्य आहे असे सांगितले. कार्यकारी सत्तेची इच्छा नसताना पद भरण्याचे याहून भक्कम उदाहरण आपल्याकडे नाही.

पुढे काय झाले? ऑगस्ट २०१३ मध्ये न्या. मेहता यांनी पद स्वीकारायला नकार दिला. ज्या सरकारची चौकशी करायची, तेच सहकार्य करणार नसेल तर त्या खुर्चीत बसून करायचे काय, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच वर्षी गुजरातने नवा कायदा केला आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे निवड सोपवली. खटला जिंकला, नेमणूक वैध ठरली, आणि पद मिळवून देणारी तरतूदच बदलून टाकली गेली. निवडणूक आयोगाच्या बाबतीतही थोड्या फरकाने हेच घडले: सर्वोच्च न्यायालयाच्या २ मार्च २०२३ च्या निकालात संसद कायदा करेपर्यंतच्या समितीत सरन्यायाधीश होते, डिसेंबरच्या कायद्यात त्यांच्या जागी मंत्री आला. नेमणारा बदलण्याचा उपाय विधिमंडळाच्या मर्जीवर टिकतो, आणि विधिमंडळातले बहुमत ज्याचे, त्याच्याचविरुद्ध हा उपाय योजलेला असतो.

न्यायालयाच्या देखरेखीचीही मर्यादा दिसून आली आहे. माहिती आयोगांतील रिक्त पदांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०१९ रोजी निकाल दिला. महाराष्ट्र त्यात प्रतिवादी होता. पद रिकामे होण्याच्या एक-दोन महिने आधी प्रक्रिया सुरू करा, निकष आणि शोध समितीची नावे जाहीर करा, केवळ निवृत्त सनदी अधिकाऱ्यांपुरते पाहू नका, असे सगळे त्यात आहे. डिसेंबरमध्ये पुन्हा सांगावे लागले: तीन महिन्यांत पदे भरा. ऑक्टोबर २०२३ मध्ये, आयोगच बंद पडले असताना, हा कायदा मृत अक्षर होईल असे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने बजावले. मधल्या काळात २०१९ च्या दुरुस्तीने आयुक्तांची पाच वर्षांची निश्चित मुदत काढून ती केंद्र सरकारच्या हाती दिली आणि नियमांनी ती तीन वर्षांवर आणली. मुख्य आयुक्त आणि दहा आयुक्त अशी अकरा पदे तीन-तीन वर्षांची धरली, तर सरासरी दर सव्वातीन महिन्यांनी एक पद रिकामे होणार. न्यायालय पदे भरायला सांगत असताना कायदा ती अधिक वेगाने रिकामी करू लागला.

मग खोट आहे कुठे? महालेखापरीक्षक नसेल तर केंद्राच्या लेख्यांवर प्रमाणपत्र कोण देणार, संसदेपुढे ठेवायच्या अहवालांवर सही कोण करणार, हा पेच सरकारचा स्वतःचा असतो. निवडणूक आयोग अपुरा असेल आणि निवडणूक तोंडावर असेल, तर तोही सरकारचाच पेच. मे ते नोव्हेंबर २०२२ मध्ये तसा पेच नव्हता म्हणून पद रिकामे चालले. मार्च २०२४ मध्ये होता म्हणून पाच दिवसांत भरले. माहिती आयोग बंद पडला तर त्रास कोणाला? ज्याचे द्वितीय अपील पडून आहे त्याला. लोकपाल नसेल तर तक्रारदाराला. नेमणूक करणाऱ्याचे यात काहीच जात नाही, उलट थोडा निवांतपणाच मिळतो.

माहिती अधिकाराच्या कायद्यातच हा विरोधाभास पूर्ण रूपात दिसतो. तालुक्याच्या कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्याने माहिती द्यायला विनाकारण उशीर केला, तर कलम २० प्रमाणे त्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड, आणि तो त्याच्या पगारातून. हा दंड ठोठावणारा आयुक्त नेमायला ज्यांनी उशीर केला त्यांना मात्र काही नाही. कनिष्ठ अधिकाऱ्याच्या दिरंगाईला दर लावणाऱ्या कायद्याने सर्वांत वरच्या दिरंगाईचा विचारच केलेला नाही. वर कलम ७ प्रमाणे अधिकारी तीस दिवस गप्प राहिला तर त्याने नकार दिला असे मानले जाते. म्हणजे मौनाचा अर्थही नागरिकाच्या विरुद्धच लावायचा.

कायदा दुरुस्त करायचाच असेल, तर तो इथे व्हावा. मुदत कितीही बारीक घातली तरी ती टळल्यावर आपोआप काय घडेल, हे लिहिल्याशिवाय तिला अर्थ नाही.

संविधानकारांना हे ठाऊक होते. राष्ट्रपतिपदाबाबत अनुच्छेद ६२ म्हणतो की मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक पूर्ण करावी. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. अनुच्छेद ५६ मध्ये त्यांनी लिहून ठेवले की मुदत संपली तरी उत्तराधिकारी पद ग्रहण करीपर्यंत राष्ट्रपती पदावर राहील. उपराष्ट्रपती आणि राज्यपाल यांनाही हीच सोय आहे. ती दक्षता संस्थांनाही लावता येईल: नवा आयुक्त रुजू होईपर्यंत जुन्याने काम पाहावे, कमाल सहा महिने, आणि तेही सरकारच्या आदेशाने नव्हे, कायद्याच्या बळावर. ज्या आयुक्ताने सरकारला अडचणीत आणले आहे त्याला घालवण्यासाठी तरी मग सरकार वेळेवर बैठक बोलावेल.

यावर गंभीर आक्षेप आहे. मुदतवाढीची आशा माणसाला मवाळ करते. जो सोयीचा असेल त्याच्या जागी दुसरा नेमायचाच नाही, असेही सरकार ठरवू शकेल. हा धोका मला मान्य आहे, म्हणूनच सहा महिन्यांची मर्यादा. पण सोयीचा आयुक्तही सुनावणी घेतो, लेखी आदेश देतो, आणि त्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते. रिकाम्या खुर्चीविरुद्ध कोणत्या आदेशाला आव्हान देणार?

सहा महिन्यांनंतरचे काय, याचे उत्तर महाराष्ट्राच्याच कायद्यांत सापडते. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ प्रमाणे बांधकामाच्या अर्जावर नियोजन प्राधिकरणाने साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या जमिनीची मालकी बिल्डर देत नसेल, तर मानीव अभिहस्तांतरणाचा रस्ता आहे, आणि तो मुंबई-पुण्यातल्या हजारो सभासदांना पाठ आहे. दोन्हीकडे तत्त्व एकच: ज्याने करायचे त्याने केले नाही, तर त्याच्या गप्प बसण्याचा फायदा समोरच्याला. माहिती अधिकारातही हेच तत्त्व लिहावे. आयोगात पद रिक्त असल्यामुळे द्वितीय अपील ठरावीक काळात सुनावणीला आले नाही, तर अपील मंजूर झाले असे मानावे आणि माहिती द्यावी. कलम ८ मधले राष्ट्रीय सुरक्षा, चालू तपास आणि तिसऱ्या व्यक्तीच्या खासगी बाबी हे अपवाद वगळावेत, कारण तिथे आयुक्ताच्या तपासणीशिवाय माहिती उघड करणे कोणा तिसऱ्यावरच अन्याय करील. बाकीची बहुसंख्य अपिले रस्त्यांच्या निविदा, रेशन दुकानांचे साठे, भरतीचे गुण, मस्टर यांविषयीची असतात.

लोकपालांच्या बाबतीत ही युक्ती चालणार नाही. चौकशी मानीव होत नसते, आरोपी मानीव दोषी ठरत नसतो. तिथे पदावर चालू राहण्याची तरतूद आणि ज्येष्ठ सदस्याने अध्यक्षाचे काम पाहण्याची सध्याची सोय एवढ्यावर भागवावे लागेल. ही दुसरी सोय तरी लोकपाल आणि केंद्रीय दक्षता आयोग यांच्या कायद्यांत आहे. माहिती अधिकार अधिनियमात मुख्य आयुक्त नसताना त्याचे काम कोणी पाहावे याविषयी एक ओळ नाही, आणि राज्ये अतिरिक्त कार्यभार देऊन वेळ मारून नेतात. ऑगस्ट २०१४ मध्ये राजीव माथुर निवृत्त झाल्यावर केंद्रीय आयोगच सुमारे दहा महिने मुख्य आयुक्ताविना होता. तीही ओळ याच दुरुस्तीत घालावी.

अशी तरतूद असती तर झारखंडात शेवटचा आयुक्त मे २०२० नंतर आणखी सहा महिने बसला असता, आणि पुढल्या वर्षापासून रांचीच्या सचिवालयात एकेका विभागाला पडून असलेल्या अपिलांतली माहिती द्यावी लागली असती. तेव्हा विरोधी पक्षनेता कोण, हा प्रश्न तिथे किती दिवस टिकला असता?